उसावरच्या लोकरी माव्यात मुंग्याही आहेत आणि अळ्याही. फवारणी करू की थांबू?

वेदगंगाकाठ (निपाणी)

नमस्कार मंडळी. दोन प्लॉट आहेत, मधे बांध आणि पाणंद.

पहिला दीड एकर, को ८६०३२ जातीचा ऊस, गेल्या नोव्हेंबरची पूर्वहंगामी लागण. ओढ्याकडच्या बाजूला पानांच्या खालच्या अंगाला मधल्या शिरेच्या दोन्ही कडेने पांढरी लोकर धरली आहे. बोटाने पुसली की खाली फिकट हिरवट-पिवळे बारीक किडे दिसतात. खालच्या पानांवर चिकटा पडलाय आणि त्यावर काजळी (काळी बुरशी).

दुसरा एक एकर, यंदा जुलैत लावलेली आडसाली, चार फुटी सरी. तिथे बांधाला लागून तीन-चार जागी मिळून सात-आठ बेटांवरच (उसाच्या झुबक्यांवरच) सुरुवात दिसते.

प्रश्न असे:

१. दोन्हीकडे मुंग्या आहेत. कोण म्हणतं मुंग्या मावा खातात, कोण म्हणतं मुंग्याच मावा पसरवतात. खरं काय?

२. मोठ्या उसात लोकरीच्या आत हिरवट-करड्या अळ्या आहेत, अंगावर जाळं घेऊन बसलेल्या. ही पान खाणारी अळी आहे का? मावा काय कमी होता, त्यात ही आणखी आली असं वाटतं.

३. दुकानात दोन्ही प्लॉट एकदम फवारायला सांगितलं आहे. ढगाळ हवा आहे, रोज भुरभुर पाऊस. थांबलो तर वाढेल का?

---

हिरण्यकेशी (संकेश्वर)

फवारणीचं नंतर बघू, आधी पांढरं नेमकं काय आहे ते पक्कं करा. उसावर पांढऱ्या दिसणाऱ्या चार गोष्टी आहेत आणि लोक सगळ्यांना मावाच म्हणतात.

लोकरी मावा: पानाच्या खालच्या बाजूला, कापूस पिंजून चिकटवल्यासारखा. फुंकर मारली की धागे हलतात. लोकर प्रौढांवर आणि मोठ्या पिल्लांवर असते, लहान पिल्लं उघडीच असतात. पंखवाला मावा काळा असतो. तुमचं वर्णन याच्याशी जुळतं.

पायरिला: हिची अंडी पुंजक्याने असतात आणि वर पांढरा कापूस असतो. पिल्लांना मागे दोन लांब पिसांसारख्या शेपट्या असतात, पानाला हात लावला की टुणकन उडतात. चिकटा आणि काजळी हिच्यामुळेही येते. पायरिलाग्रस्त उसात पानावर तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे, चपटे, लांबट कोष दिसले तर पुसू नका. ते एपिरिकॅनिया नावाच्या पतंगाचे असतात. त्याची अळी पायरिलाच्या अंगावर चिकटून तिलाच शोषते. दुसरी कीड आली म्हणून हेच कोष पुष्कळ जण चोळून काढतात.

पांढरी माशी: पिल्लं काळी, लांबटगोल, पानाला गच्च चिकटलेली, कडेला पांढऱ्या मेणाची झालर. पाणी साचलेल्या खोडव्यात (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात) हमखास.

पिठ्या ढेकूण: हा पानावर नसतो. वाळलेल्या पानाचा देठ कांड्यापासून सोडवला की सांध्याशी गुलाबी, चपटे, पीठ भुरभुरवल्यासारखे किडे दिसतात. मुंग्यांची खरी गर्दी याच्याभोवती असते. तुमच्या उसात मुंग्या वरच्या पानांकडे जातात की खालच्या देठांत शिरतात, एवढं बघून सांगा. पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच मिळेल.

---

खोडवा_अथणी

लहान उसाला थांबू नका असं माझं मत. सात-आठ बेटांवर आहे तोवर आटोपतं, उद्या पंखवाले निघाले की एकराला होईल. अडीच महिन्यांच्या उसात माणूस आरामात शिरतो, पानाच्या खालून नोझल देता येतं. मोठ्या उसाचं सोडा. अकरा महिन्यांचा ऊस, आत वाट नाही, औषध वरच्या पानांवर पडून तिथेच वाळणार, मावा मात्र खालच्या बाजूला सुखात. ड्रोननेही तेच होतं, फवारा वरून पडतो. शिवाय लोकर मेणाची असते, साधं पाणी तिच्यावरून घरंगळतं. चिकट द्रव्य घातल्याशिवाय मारलेला पंप म्हणजे डिझेल आणि मजुरी गटारात.

---

भिंगवाला (बेळगाव)

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण सगळा निर्णय त्यावर अडलाय.

अंगावर जाळं घेऊन लोकरीत बसलेली ती अळी पान खात नाही. ती डिफा ॲफिडिव्होरा या लहान करड्या पतंगाची अळी आहे, आणि तिचं अन्न म्हणजे हाच मावा. खात्री अशी करा: जाळं काडीने हळूच उचला. आत माव्याची रिकामी कातडी, मेणाचे गोळे आणि काळसर विष्ठा अडकलेली दिसेल. पान कुरतडलेलं किंवा भोक पडलेलं दिसणार नाही. पान खाल्लेलं असेल तर ती अळी दुसरी, तिची ओळख वेगळी करावी लागेल.

ती जाळं का विणते यामागे गंमत आहे. लोकरी मावा दिसतो तितका गरीब नाही. त्याच्या डोक्यावर दोन बारीक शिंगं असतात. एखाद्याला शत्रूने धरलं की तो पाठीमागच्या नळ्यांतून एक थेंब सोडतो. त्या वासाने शेजारचे काही पळ काढतात, तर काही उलट चाल करून शत्रूला शिंगांनी टोचतात. जपानमधल्या ओकिनावा बेटांवर उसातच याचा अभ्यास झाला आहे. मावा खाणाऱ्या सिरफिड माशीची अंडी आणि कोवळ्या अळ्या या माऱ्यात मरू शकतात. डिफाची अळी मात्र रेशमी बोगदा विणत पुढे सरकते आणि त्याच्या आडून एकेक मावा आत ओढते. म्हणून कडकडून भरलेल्या पानावरही ती टिकते. तुम्हाला घाण वाटलेलं जाळं ही तिची ढाल आहे.

लोकरीत आणखी कोण सापडेल, हेही बघून ठेवा. दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं.

मायक्रोमस इगोरोटस: अळी दोन्ही टोकांना निमुळती, चातीच्या आकाराची, करडी-तपकिरी, जाळं अजिबात नाही, पळायला चपळ. तोंडाला पुढे चिमट्यासारखे दोन सुळे असतात, ते माव्यात खुपसून रस ओढते. मोठा झालेला किडा तपकिरी, नखाच्या निम्म्याएवढा, पंख छपरासारखे मिटलेले. तोही मावा खातो. अंडी सुटी असतात, लोकरीच्या धाग्यांत किंवा पानावर. अंडं केसासारख्या देठावर उभं असेल तर ते क्रायसोपा या दुसऱ्या मित्रकिडीचं.

सिरफिड माशीची अळी: पाय नाहीत, डोकं टोकदार, गोगलगायीसारखी घसरत चालते.

एन्कार्शिया फ्लॅव्होस्क्युटेलम: ही मिलिमीटरभर लांबीची गांधीलमाशीच्या कुळातली माशी. ती डोळ्याला दिसणारच नाही, तिचं काम दिसतं. माव्याच्या अंगात अंडं घालते, आतली अळी त्याला पोखरते, मग पाठीवर गोल भोक पाडून नवी माशी बाहेर पडते. जाग्यावर वाळलेला, टणक झालेला, पाठीला सुबक गोल भोक असलेला मावा दिसला की समजा ती शेतात आहे. डिफाने खाल्लेल्या माव्याची कातडी चुरगळलेली असते, गोल भोक नसतं.

आता मुंग्या. मावा पिकाच्या अन्नवाहिनीतला रस पितो. त्या रसात साखर भरपूर आणि नत्रयुक्त पदार्थ अगदी कमी. पुरेसं नत्र मिळवायला त्याला गरजेपेक्षा कितीतरी जास्त रस ओढावा लागतो, उरलेली साखर मागून थेंबाथेंबाने बाहेर पडते. हाच चिकटा. (उरलेली काही कमतरता बहुतेक माव्यांच्या अंगात राहणारे बुक्नेरा जातीचे जिवाणू भरून काढतात. माव्याला हवी ती अमिनो आम्लं ते करून देतात आणि मावा त्यांना घर देतो. एकाला दुसऱ्याशिवाय जगता येत नाही.) चिकट्यावर वाढणारी काजळी पानात शिरत नाही, पानातून काही घेत नाही. तिचं नुकसान एवढंच की पानावर काळा पडदा पडतो आणि उजेड अडतो. काजळीवर बुरशीनाशक मारणं म्हणूनच फुकट. मावा थांबला की जोराच्या पावसात ती धुऊन जाते.

मुंग्या येतात त्या या साखरेसाठी. चवळीच्या काळ्या माव्यावर मुंग्या काय करतात ते बघितलं असेल: मिशांनी माव्याला थोपटतात, थेंब घेतात, आणि ढालकिडा जवळ आला तर त्याला हुसकावतात. तिथे सौदा पक्का आहे, साखरेच्या बदल्यात राखण. तुमच्या उसात तसं चाललंय की मुंग्या खालच्या पानांवर सांडलेला चिकटा नुसत्या चाटताहेत, हे दहा मिनिटं एकाच पानाकडे बघितल्याशिवाय कळणार नाही. नुसत्या चाटत असतील तर माव्याला त्यांचा उपयोगही नाही, तोटाही नाही. मायक्रोमसच्या अळीला चावून पळवत असतील तर राखण सुरू आहे असं धरा.

उसातल्या मुंग्या सरसकट मारायच्या भानगडीत मात्र पडू नका. खोडकिडीची अंडी आणि नुकत्या फुटलेल्या अळ्या उचलणाऱ्यांत त्या पुढे असतात. एकीकडे राखणदार, दुसरीकडे शिकारी, एकच मुंगी.

तिसऱ्या प्रश्नावर माझं मत: मोठ्या उसाला हात लावू नका. लहान उसाबद्दल आकडे कळल्याशिवाय बोलत नाही. असं मोजा:

प्रत्येक प्लॉटमध्ये कोपरे आणि मध्य धरून पाच जागा. एका जागी पाच ऊस. प्रत्येक उसाचं पोंग्याखालचं (शेंड्याच्या न उलगडलेल्या सुरळीखालचं) तिसरं ते सहावं पान उलटून बघा. तीन गोष्टी लिहा: किती पानांवर लोकर आहे, त्यातल्या किती पानांवर डिफा किंवा मायक्रोमस आहे, आणि गोल भोकाचे मावे दिसतात का. सकाळी दहाच्या आत करा, ऊन तापलं की मायक्रोमस लपतात.

---

वेदगंगाकाठ (निपाणी)

काल आणि आज मोजलं.

मोठा ऊस: २५ उसांची १०० पानं बघितली. लोकर ४१ पानांवर. त्यातल्या २९ पानांवर डिफा, काही पानांवर दोन-दोन, तीन-तीन. चपळ करड्या अळ्या ८ पानांवर. गोल भोकाचे मावे थोडे आहेत.

लहान ऊस: १०० पैकी ६ पानांवर लोकर, सगळी बांधाकडची. डिफा एकाही पानावर नाही. चपळ अळी एक.

मुंग्या मोठ्या उसात देठांतच जास्त शिरतात. खालच्या दोन-तीन कांड्यांचे वाळलेले देठ सोडवले तर गुलाबी किडे निघाले. वर लोकरीपाशी मुंग्या तुरळक आहेत, खालच्या पानावर चाटताना दिसतात.

---

हिरण्यकेशी (संकेश्वर)

म्हणजे तुमच्या मुंग्यांचा मुख्य व्यवहार पिठ्या ढेकणाशी आहे, लोकरी माव्याशी नाही. देठाच्या आत तो झाकलेला असतो, त्यामुळे फवारा तिथे पोचतच नाही. या वयात त्यासाठी काही करू नका. लहान प्लॉटमध्ये मात्र पुढे कांडी सुटायला लागली की खालचा पूर्ण वाळलेला पाला काढून सरीत दाबा. आडोसा गेला की ढेकूण उघड्यावर पडतो. हिरवं पान ओढून काढू नका, कांड्याला जखम होते. आणि या प्लॉटमधलं बेणं पुढच्या लागणीला धरायचं नाही, पिठ्या ढेकूण कांडीबरोबर नव्या शेतात जातो.

---

भिंगवाला (बेळगाव)

आकडे बोलके आहेत. मोठ्या उसात मावा असलेल्या दर दहा पानांपैकी सातांवर डिफा. साधारण ठोकताळा असा की मावा असलेल्या पानामागे सरासरी एक अळी आली की पारडं फिरलं समजावं. तुम्ही तिथे पोचलाच आहात. आता तिथे औषध मारलं तर मावा थोडा मरेल, डिफा जवळजवळ सगळी जाईल.

लहान उसात डिफा नाही याचा अर्थ ती येणार नाही असा नाही. शिकारी नेहमी भक्ष्यामागून येतो. आधी मावा, मग पतंग अंडी घालणार, मग अळी. मधले दोन-तीन आठवडे बघणाऱ्याचा धीर सुटतो आणि नेमकं त्याच वेळी औषध पडतं. तुम्हाला वाट बघायचीही गरज नाही, बांधापलीकडे बी तयार आहे. ते उचलून आणा.

पद्धत:

१. सकाळी लवकर किंवा चार वाजल्यानंतर मोठ्या उसातली डिफाची मध्यम आकाराची अळी किंवा कोष असलेली पानं निवडा. अगदी बारीक अळी हाताळताना मरते. कोष जाळ्यातच, पानाच्या मधल्या शिरेलगत असतो.

२. अळीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटं सोडून पानाचा तुकडा कात्रीने कापा. पान ओरबाडू नका, जाळं तुटलं की अळी उघडी पडते.

३. तुकडे कागदी पिशवीत किंवा सुती कापडात ठेवा. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत उन्हात तासभर राहिले तर आत वाफ धरून सगळं शिजतं. सगळ्यात जास्त मर इथेच होते.

४. त्याच दिवशी लहान उसात मावा असलेल्या पानाच्या खालच्या बाजूला तुकडा असा लावा की अळीची बाजू लोकरीला टेकेल. स्टेपलर सोयीचा, दोन पिना पुरतात. नसेल तर बाभळीचा काटा टोचा.

५. शिफारस हेक्टरी १,००० डिफा अळ्यांची आहे, म्हणजे एकरी ४००. मायक्रोमस हेक्टरी २,५००, म्हणजे एकरी १,०००. पण ही संख्या सगळीकडे पसरलेल्या माव्यासाठी. तुमच्याकडे सात-आठ बेटं आहेत, तिथे बेटाला चार-पाच अळ्या, एकूण ३०-४० पुरेत. मावा नाही त्या उसावर लावू नका. अळी उपाशी मरेल आणि तुकड्यावरचे चार मावे मात्र स्वच्छ उसावर उतरतील. हाच या पद्धतीतला खरा धोका.

६. डिफाची अंड्यापासून पतंगापर्यंतची फेरी साधारण महिन्याची. दहाव्या दिवशी बघून निराश होऊ नका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शेजारच्या बेटांवर नवी जाळी दिसली म्हणजे बसली.

७. या काळात लहान उसात कसलंही कीटकनाशक नाही. पोंगेमरसाठी (खोडकिडीने पोंगा वाळतो त्यासाठी) काही टाकायचा विचार असेल तर तोही पुढे ढकला.

एन्कार्शिया मुद्दाम आणायची गरज नाही, तुमच्या शेतात आहेच. आणि एका पानावर डिफा व एन्कार्शिया दोन्ही घालून काही जास्त मिळत नाही. ज्याच्या पोटात माशी वाढते आहे तो मावाही डिफा खाऊन टाकते.

---

खोडवा_अथणी

ठीक, पण बुरशी का नको? व्हर्टिसिलियम लेकॅनी लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी, पानाखालून. तुमच्याकडे हवा दमट आहे, चालेल. आमच्या अथणीच्या बाजूला पाऊस कमी, तिथे ती उन्हात वाळून जाते, पण निपाणीला पावसाळ्यात हरकत नाही.

---

भिंगवाला (बेळगाव)

चालेल, पण डिफा लावलेल्या बेटांवर नको. बुरशी कीड बघून चिकटत नाही. बिव्हेरिया आणि मेटारायझियम या दुसऱ्या कीडनाशक बुरशा तर पतंगवर्गाच्या अळ्यांनाही लागतात. करायचीच असेल तर डिफा न लावलेल्या दोन बेटांवर करून तुलना बघा. टाकीत आधी बुरशीनाशक घातलेलं असेल तर तीन वेळा धुवा, नाहीतर औषधानेच औषध मेलं असं होतं. निंबोळी अर्क ५ टक्के (५ किलो निंबोळी भरडा रात्रभर पाण्यात भिजवून, कापडाने गाळून, १०० लिटर करायचा, त्यात २०० ग्रॅम साबण) उघड्या लहान पिल्लांवर बरा पडतो. लोकरीच्या आतल्यांवर फार अपेक्षा ठेवू नका.

आणि एक सोपं राहिलंच. जिथे डिफा लावणार नाही तिथली एक-दोन भरलेली पानं नुसती कापून पिशवीत भरून पुरा. सात-आठ बेटांना तेही औषधच.

---

घटप्रभा_जीवशास्त्र (गोकाक)

फवारल्यावर कीड उलट का वाढते, याचा हिशेब थोडा सविस्तर मांडतो. "औषधाला कीड सरावली" म्हणून सगळे सोडून देतात, पण ते नेहमीच कारण नसतं.

पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी बरीच थंडावली. त्या काळातल्या बाजारांच्या नोंदी उंबेर्तो द'अँकोना या प्राणिशास्त्रज्ञाने तपासल्या तेव्हा दिसलं की पकडलेल्या माशांत शार्कसारख्या शिकारी माशांचा वाटा वाढला होता. त्याने हे कोडं सासऱ्यापुढे, गणिती वितो व्होल्तेरापुढे ठेवलं. १९२६ मध्ये व्होल्तेराने मांडलेल्या समीकरणांतून असं निघालं: शिकारी आणि भक्ष्य दोघांनाही सारख्याच प्रमाणात मारत राहिलं तर सरासरीने भक्ष्य वाढतं आणि शिकारी घटतो. मारणं थांबवलं की उलटं होतं.

कारण साधं आहे. औषधाने ८० टक्के मावा आणि ८० टक्के डिफा मेली असं समजा. उरलेल्या माव्याला खायला तितकाच ऊस आहे, आणि शत्रू पाचांतला एकच उरला. त्यात लोकरी माव्याला नर लागत नाही, अंडीही घालावी लागत नाहीत. मादी थेट चालती पिल्लं घालते. उरलेल्या डिफाला मात्र दुहेरी मार: स्वतः मेलीच, वर भक्ष्यही विरळ झालं. शिवाय पतंगाला जोडीदार शोधायचा आहे, अंडी घालायची आहेत, अळी वाढायची आहे. प्रत्यक्षात औषध दोघांना सारखं मारतही नाही. मावा पानाखाली मेणात बसलेला, तर मायक्रोमस आणि एन्कार्शिया उघड्यावर फिरणारे. त्यांना जास्तच लागतं.

हे कागदावरचं गणित नाही. कॅलिफोर्नियात संत्र्या-लिंबांवर ऑस्ट्रेलियातून एक पांढरी, कापसासारखी खवलेकीड आली होती. १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियातूनच रोडोलिया नावाचा ढालकिडा आणून सोडला आणि ती आटोक्यात आली. पुढे १९४० च्या दशकात बागांत डीडीटी हे कीटकनाशक मारायला लागल्यावर ढालकिडे मेले आणि तीच कीड पुन्हा उसळली.

आपल्याकडच्या लोकरी माव्याची गोष्टही अशीच सुरू झाली. तो ईशान्य भारतात आधीपासून होता. २००२ च्या पावसाळ्यात सांगली भागात दिसला आणि त्याच वर्षात बेळगाव, बागलकोटच्या उसात पसरला. इतका उसळला कारण एकाच जातीचा सलग ऊस, ढगाळ हवा आणि ईशान्येतच मागे राहिलेले शत्रू. पुढे डिफा आणि मायक्रोमस उसात दिसू लागले, एन्कार्शिया ईशान्येकडून मुद्दाम आणून सोडली. आज तो दर पावसाळ्यात डोकं वर काढतो पण तसा बसत नाही, यात या तिघांचा वाटा मोठा आहे.

---

वेदगंगाकाठ (निपाणी)

समजलं. मोठा ऊस सोडतो, लहानात तुकडे लावतो. दोन शंका. लहान ऊस मावा असलेल्या जागी पिवळसर दिसतो, युरिया वाढवू का? आणि मोठा ऊस डिसेंबरात तुटेल, तेव्हा डिफाचं काय? तोडणीची टोळी पाचट पेटवते.

---

हिरण्यकेशी (संकेश्वर)

युरिया अजिबात वाढवू नका. तो पिवळेपणा रस ओढल्याचा आहे, नत्राच्या कमतरतेचा नाही. जादा नत्राने पान लुसलुशीत होतं, रसात अमिनो आम्लं वाढतात, म्हणजे माव्याची एकमेव अडचण तुम्हीच दूर करता. ठरलेला हप्ता ठरलेल्या वेळी, मोठ्या भरणीपर्यंत (उसाला माती लावेपर्यंत) संपवा, त्यानंतर नत्र नको. ओढ्याकडच्या बाजूला पाणी साचत असेल तर चर काढा. कोंदट जागेतच पहिली लोकर धरते.

पाचट पेटवू देऊ नका, हे टोळीशी आधीच बोलून घ्या. कापलेलं पान वाळलं की त्यावरचा मावा उपाशी मरतो. कोषातल्या डिफाला काही खायचं नसतं, ती पाचटातून पतंग होऊन निघते. म्हणजे पाचट ठेवलं तर मावा मरतो आणि डिफा वाचते, पेटवलं तर दोघंही जातात आणि शेजारच्या शेतातून आधी परत येतो तो मावा. एकाआड एक सरीत पाचट ओढून ठेवा, खोडव्याला ओलही राहील.

वाड्याचं (उसाच्या हिरव्या शेंड्यांचं) मात्र वेगळं. हिरवं वाडं जनावरांना म्हणून दोन-चार मैल गाडीवर जातं, वाटेत पानं सांडतात, आणि मावा नव्या शिवारात उतरतो. पंख फुटायची वाटही बघावी लागत नाही. लोकर असलेलं वाडं त्याच शेतात राहू द्या, निदान दिवसभर उन्हात सुकवूनच बाहेर काढा. तोडकऱ्यांचे कपडे, कोयते, गाडीचं ताडपत्रीचं आच्छादन झटकून मगच लहान प्लॉटकडे जाऊ द्या.

---

खोडवा_अथणी

यात एक भर. आपल्या भागातला ऊस नदीच्या अलीकडून पलीकडच्या कारखान्याला आणि तिकडचा इकडे येतो, एकाच आठवड्यात एक टोळी दोन राज्यांत तोडते. त्यामुळे फक्त आपलं शेत सांभाळून भागत नाही, पाणंदीला लागून असलेल्या चार-पाच जणांनी मिळून ठरवायला हवं की औषध नाही मारायचं. शेजाऱ्याने वाऱ्याच्या बाजूने धुरळणी केली तर तुमची डिफाही गेली.

डिफा कमी पडली तर संकेश्वरचं ऊस संशोधन केंद्र, बेळगावची निजलिंगप्पा शुगर इन्स्टिट्यूट किंवा मत्तीकोप्प आणि तुक्कानट्टीची कृषी विज्ञान केंद्रं, इथे विचारून बघा. कृषी खात्याचं जवळचं रयत संपर्क केंद्रही सांगेल कुठे मिळतात ते. पत्रक कानडीत असेल, पण मित्रकिडींची चित्रं असतात, त्यावरून ओळख पटते. मोठ्या प्रमाणात हव्या असतील तर माव्याने भरलेल्या उसाचा एक तुकडा शेडनेटने चारी बाजूंनी आणि वरून झाकून आत डिफा सोडायच्या, तीन-चार आठवड्यांनी तिथूनच कापून वाटायच्या. जाळीचं खालचं टोक मातीत दाबा, नाहीतर पतंग खालून निसटतात.

लहान उसाला फवारा म्हणालो होतो, ते मागे घेतो. सहाच पानं आहेत म्हटल्यावर कात्रीच बरी.

---

वेदगंगाकाठ (निपाणी)

नीट मोजली तर बेटं अकरा निघाली. आज संध्याकाळी ३६ तुकडे लावले, नऊ बेटांवर, बेटाला चार. प्रत्येक बेटाला लाल चिंधी बांधली आहे. दोन बेटं मुद्दाम तशीच सोडली. तीन आठवड्यांनी परत मोजून आकडे इथेच टाकतो.

---

भिंगवाला (बेळगाव)

सोडलेल्या दोन बेटांना दुसऱ्या रंगाची चिंधी बांधा. तीन आठवड्यांत ऊस वाढून पानं वर जातील, तेव्हा पुन्हा पोंग्यापासून मोजून तिसरं ते सहावं पानच बघा, खालची जुनी नाही. आणि मधे जोराचा पाऊस झाला तर तारीख लिहून ठेवा. मावा पावसानेही धुऊन जातो, त्याचं श्रेय डिफाला द्यायला नको.